व्हिडिओत नसलेली डुबकी

ज्या बँडचा आम्ही उदो उदो करायचो, त्यातला एकही माणूस आम्ही कधी पाहिलेला नव्हता. ऐंशीच्या दशकात नागपुरात इंग्रजी रॉक ऐकणारी मंडळी होती, पण अर्धा अर्धा तास चालणारं एकच गाणं मांडी घालून ऐकणारी फार थोडी. आमच्या ओळखीत ती चार होती. मला धरून साडेतीन म्हणा. मी ऐकायचो, पण बाकीचे ज्या जागी डोळे मिटायचे त्या जागी माझं लक्ष चहा उकळल्याच्या आवाजाकडे जायचं.

बैठक धरमपेठेत भरायची. यजमान कॉलेजात इंग्रजी शिकवायचा, म्हणून त्याला आम्ही प्रोफेसर म्हणत असू, आणि तोही ते मनावर घेई. दुसरा औषध कंपनीचा एम.आर. तिसरा सक्करदऱ्याचा, पोस्टात नोकरीला, आणि आमच्यात हातात वाद्य धरता येणारा एकटाच. त्याची गिटार जुनी होती, पण तो वाजवायला लागला की आम्ही गप्प बसायचो, आणि प्रोफेसरला गप्प बसवणारी दुसरी गोष्ट मी पाहिलेली नाही.

आमच्या सगळ्यांकडच्या कॅसेट एकाच कॅसेटवरून भरलेल्या. मूळची एका पाहुण्याची, एका दुपारपुरती मिळालेली. पाहुण्याच्या छोट्या टेपवर ती लावून प्रोफेसरनं आपल्या मोठ्या टेपवर उतरवून घेतली, आणि त्याच्यावरून आम्ही. तिच्यावरच्या सगळ्यांत लांब गाण्यात मध्यावर एक जागा होती. गिटारचा एक साधासा तुकडा चालू असायचा आणि चालता चालता अख्खा बँड हळूहळू खाली जायला लागायचा. गिटार, ढोल, बासरी, गाणारासुद्धा. सूर जड व्हायचे, लय रेंगाळायची, विहिरीत बादली सोडावी तसं सगळं खोल खोल. मग एक क्षण काहीच नाही. आणि एकदम सगळं पूर्ण जोमात वर.

आम्ही त्याला डुबकी म्हणायचो. प्रोफेसर विसर्जन म्हणायचा. पाश्चात्य माणसाच्या अहंकाराचं विसर्जन आणि नंतर पुनर्जन्म, असा त्याचा अर्थ तो लावायचा. त्यावर त्यानं कॉलेजच्या वार्षिकात एक लेखही लिहिला होता. तो मी वाचला होता. डुबकीपेक्षा लांब होता.

पण ही डुबकी आमच्या गिटारवाल्याच्या जिवाला लागली. तीन वर्षं तो तिच्या मागे होता. बोटं घसरवून पाहिली, वाजवता वाजवता खुंट्या पिळून तारा सैल करून पाहिल्या, तारा तोडल्या. "एक जण खाली जाते हे समजू शकतो," तो म्हणायचा, "पण हे सगळेच्या सगळे एका मापानं जातात बे. गाणारा बी जाते. मले तर समजूनच नाही राहिलं." सक्करदऱ्यात त्याच्या काकांची भीमगीतांची पार्टी होती. जयंती जवळ आली की काका बोलवायचे, गिटार घेऊन ये गा, पेटीसोबत बसवून पाहू. हा म्हणायचा, आधी मले वाजवता तर येऊ द्या. त्या वर्षी त्यानं ठरवून टाकलं की आपल्याला कान नाही, हात नाही, आणि गिटार विकायची. महालातल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याशी बोलणं झालं होतं.

नेमकी तेव्हाच प्रोफेसरच्या लंडनच्या मावसभावानं बँडच्या कार्यक्रमाची व्हिडिओ कॅसेट पाठवली.

"एकदा डोळ्यानं पाहून घेतो," गिटारवाला मला म्हणाला, "डुबकीच्या वेळी त्याचा हात कुठी जाते ते. नाहीच समजलं तर तिथूनच सरळ महालात. तू स्कूटरवर सोडून दे." गिटार तो सोबत घेऊनच आला, खोळीत घालून, तारा पुसून.

एप्रिल लागला होता. रविवारची दुपार. सीताबर्डीवरून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणले होते, सायकलरिक्षात गादीवर बसवून. दुकानाच्या माणसानं वायरी जोडल्या, आमच्या कॅसेटवरचं चित्र जरा वेळ पाहिलं, आणि जाताना एक हिंदी मारधाडीची कॅसेट ठेवून गेला. "भैया, ये बोर हुआ तो ये लगा लेना."

"कूलर बंद करा," प्रोफेसर म्हणाला.

"अबे, मरून जाऊ ना," एम.आर. म्हणाला.

"बासरी कूलरमध्ये ऐकू येणार आहे का तुला?"

कूलर बंद झाला. खिडक्या आधीच झाकल्या होत्या. प्रोफेसरचे वडील मागच्या आरामखुर्चीत पंखा हातात घेऊन बसले होते. हिशेब तपासणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, बोलणं कमी. "किती वेळ आहे हे?" एवढंच त्यांनी विचारलं. आकडा ऐकून पंख्याचा वेग वाढवला.

कार्यक्रम सुरू झाला म्हणजे आधी धूर सुरू झाला. धुरातून एक माणूस आला, त्यानं पोळ्याच्या बैलावर घालतात तशी चकाकती झूल पांघरली होती. त्याच्या तिन्ही बाजूंना पेट्यांचे मजले होते आणि तो दोन हात पसरून दोन वेगळ्या मजल्यांवर वाजवायचा. ढोलवाल्याच्या पाठीमागे परातीएवढी कांस्याची थाळी टांगली होती. संपूर्ण कार्यक्रमात त्यानं तिच्यावर एकदाच टोला मारला, शाळा सुटल्यासारखा. आमची कॅसेट नकलेची नक्कल होती, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे हिरवट दिसत होते.

"काय भव्यता आहे," प्रोफेसर म्हणाला.

"त्या झुलीत गरम होत नसेल का?" वडील म्हणाले.

मग ते गाणं आलं. प्रोफेसर पुढे सरकला. गिटारवाला तर टीव्हीच्या इतका जवळ गेला की एम.आर.नं त्याला शर्ट धरून मागे ओढलं. तुकडा सुरू झाला, कॅमेरा गिटारवर आला. तुकडा चालला, चालला, आणि पुढच्या भागात गेला. कोणीही खाली गेलं नाही.

"मागे घे," प्रोफेसर म्हणाला.

मागे घेतलं. पुन्हा तेच. पुन्हा मागे. झूलवाला, थाळी, गिटार, आणि पुढचा भाग.

"विडिओवाल्यानं कापलं असन," एम.आर. म्हणाला.

"कापलं तर चित्र उडी मारेल. इथे चित्र सलग आहे." प्रोफेसरनं चष्मा पुसला. "त्यांनी ती जागा मुद्दाम गाळली. लोकांसमोर, इतक्या गर्दीत, ते विसर्जन होऊच शकत नाही. ती एकांतातली गोष्ट आहे."

"म्हणजे स्टेजवर त्यांना येत नाही असं म्हण ना."

"तुला ते कळणार नाही."

"मले एवढं कळते की पैसे घेऊन गाणं अर्धं वाजवलं. आपल्या इथं असतं ना, खुर्च्या फेकल्या असत्या लोकायनं."

मला विचारलं तर गाणं प्रथमच बरं वाटत होतं. पण मला कोणी विचारलं नाही.

गिटारवाला वादात नव्हता. तो पडद्यावरच्या माणसाच्या डाव्या हाताकडे पाहत होता. "अजून एकदा," तो म्हणाला. मग खोळीतून गिटार काढली आणि पडद्याबरोबर वाजवायला लागला. बोटं त्याच घरांवर पडत होती. हिरवट चेहऱ्याचा तो माणूस आणि आमचा पोस्टातला, दोघं एकत्र सुरू झाले आणि एकत्र संपले.

"हे तर मी वाजवतो," तो म्हणाला. त्याला आनंद झालेला दिसला नाही. "हे तर पहिल्याच महिन्यात येत होतं मले. पण डुबकी? ती तर टेपवर आहे ना. एकदा तरी त्यायनं वाजवली असनच."

त्यानं गिटार परत खोळीत घालायला घेतली.

"ते आवाज बसतो तेच शोधून राहिले का तुम्ही?" मागून वडिलांनी विचारलं.

"हो बाबा."

"ते यांच्याकडे कसं असेल? ते तर आपल्या घरचं आहे."

आम्ही सगळे वळलो. वडिलांनी पंखा खाली ठेवला. "तो पाहुणा टेप घेऊन आला होता ना, सेलवर चालणारा? मॅच चालू होती त्या दिवशी. शेवटची जोडी खेळून राहिली होती. त्याच्या टेपचे सेल उतरले आणि तू माझ्या ट्रान्झिस्टरमधले काढून नेले. न विचारता. पाहुण्याला संध्याकाळी जायचं होतं म्हणून घाई. आपण जिंकलो की हरलो हे मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं."

पडद्यावर झूलवाला दोन मजले वाजवत होता.

प्रोफेसरला सेल बदलल्याचं आठवत होतं. पाहुण्याच्या टेपचा लाल दिवा मिणमिणायला लागला म्हणून बदलले, पण भरताना आवाज बारीक करून ठेवलेला, त्यामुळे तेवढ्या वेळात फीत मंदावून गाणं कसं बसत गेलं ते त्याला ऐकूच आलं नव्हतं. नंतर मोठ्यानं ऐकलं तेव्हा ते बँडचं होतं.

"बाबा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू कधी विचारलं? तू तर लोकांना विसर्जन म्हणून सांगत होता. मला वाटलं, असेल बुवा."

गिटारवाला खोळ हातात धरून तसाच बसला होता. "म्हणजे," तो हळूच म्हणाला, "मी तीन वर्षं उतरलेल्या सेलची नक्कल करून राहिलो होतो?"

"आणि तो पुनर्जन्म?" एम.आर.नं विचारलं.

"तो माझा ट्रान्झिस्टर," वडील म्हणाले.

गिटारवाल्याला हसू फुटलं ते आवरेना. गिटार पोटाशी धरून तो जमिनीवर आडवा झाला. डोळ्यांतून पाणी आलं, एम.आर. त्याच्या पाठीवर थापा मारत "बस ना बे, मरशील" म्हणत स्वतःच हसत होता. मलाही फार हलकं वाटलं. इतकी वर्षं त्या जागी माझे डोळे मिटत नव्हते, म्हणून आपल्यातच काही कमी आहे असं मी धरून चाललो होतो. प्रोफेसरनं पुन्हा चष्मा पुसला. मग म्हणाला, "तरीही, रसिकाच्या दृष्टीनं विचार केला तर ती जागा खरीच आहे." एम.आर.लाही ते पटलं. त्याच्या मते डुबकीशिवाय गाणं अळणी लागत होतं, आणि बँडनं आपल्याकडून शिकायला पाहिजे होतं.

"आता कूलर लावा," वडील म्हणाले. "आणि ती दुसरी कॅसेट टाका."

कूलरची पहिली गार झुळूक आली तेव्हा पडद्यावर एका खलनायकाला टेबलावरून फेकलं जात होतं. प्रोफेसरसुद्धा उठून गेला नाही.

उन्हं उतरल्यावर मी स्कूटर काढली. गिटारवाला मागे बसला, गिटार उभी, तिचं डोकं माझ्या कानाला लागत होतं. सीताबर्डी ओलांडून महालात शिरलो. ऑर्केस्ट्रावाल्याच्या गल्लीशी मी वेग कमी केला. काय करायचं ते आमचं बोलणं झालं नव्हतं, आणि ठरलं होतं ते इथं थांबायचं.

पाठीत एक बुक्की बसली.

"काहून हळू केली बे? चाल ना. काकांकडं सगळे बसले असतीन, तालीम सुरू झाली असन."

मी वेग वाढवला. घरापर्यंत तो तोच तुकडा गुणगुणत होता, आणि कुठेही खाली गेला नाही. दारात काका पायरीवर बसून ढोलकी कसत होते. त्यांनी आधी गिटारकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"विकाले गेला होता ना गा?"

"नाही विकत," तो म्हणाला. "सूर कोणता धरला आहे ते सांगा पहिले."