मावशीची वाढलेली मज्जा

दवाखान्यात येणारा प्रत्येक जण तिला मावशी म्हणायचा. खुद्द वैद्यबुवासुद्धा, आणि ते तर तिच्याहून अकरा वर्षांनी मोठे होते. एकोणतीस वर्षं ती पडद्यामागे होती. पुढे वैद्यबुवा नाडी बघायचे, मागे मावशी कुटायची, चाळायची, पुड्या बांधायची. पडदा पातळ होता. कुणाचं पोट साफ होत नाही आणि कुणाला सासू झोपू देत नाही, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. यातलं एक अक्षर तिने बाहेर काढलं नाही, हे त्या गल्लीवर तिचे उपकारच म्हणायचे.

पण तिचं खरं काम तुपाचं. औषधांचा वाटलेला गोळा, काढा आणि तूप एकत्र करून मंद आचेवर ठेवायचं आणि पाणी आटेपर्यंत हलवत बसायचं. तूप झालं की नाही हे घड्याळ सांगत नाही. कढईतला चिमूटभर गोळा काढून बोटांत दिव्याच्या वातीसारखा वळायचा. वात सुरेख वळली, बोटाला चिकटली नाही, विस्तवावर धरल्यावर चरचरली नाही, की कढई उतरवायची. जरा आधी उतरवलं तर कच्चं, जरा उशीर झाला तर करपलेलं. वैद्यबुवांना हे सगळं पोथीत सापडायचं, मावशीला बोटांत.

आणि त्याच बोटांवर फोड आले. पेऱ्यापेऱ्यावर एक, बुडाशी रुंद, वरून लालसर, ठणकणारा. एक बसायच्या आत दुसरा वर यायचा. अंग जड झालं होतं. डोळ्यांच्या पापण्या तर सकाळी आठलाच खाली यायच्या. मावशीला दुखण्याचं नाव कधीच कळलं होतं. पडद्यामागून तिने ते शेकडो वेळा ऐकलं होतं. तरी दोन महिने तिने फडकी गुंडाळून काम रेटलं. लपवायचं म्हणून नव्हे. सांगायचं म्हणजे काम ठेवून पुढे जाऊन बसायचं, आणि त्याचाच तिला कंटाळा आला होता.

शेवटी एका पुडीला रक्ताचा डाग लागला आणि वैद्यबुवांनी तिला पडद्यापुढे बसवलं.

"मज्जा वाढलीय तुमची, मावशी. हाडांच्या आतला तुपासारखा स्नेह. तो वाढला की डोळे जड, अंग जड आणि पेऱ्यांवर हे असले हट्टी फोड."

"माहितीय, बुवा."

"जेवण काय असतं?"

"सकाळी चहा. संध्याकाळी घरी गेल्यावर होईल ते."

"दुपारची झोप?"

मावशीने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. बुवांनी तो प्रश्न खोडला.

त्यांनी कडू काढे दिले, लेप दिला, तेल-तूप बंद केलं. आता तिच्या घरी तूप होतंच कुठे बंद करायला? लेक म्हणाली, "आई, पुरे झालं आता. घरी बस." मावशी हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी आठला हजर झाली. घरी बसायचं म्हणजे लेकीच्या दीड खोलीत, तिच्या नवऱ्याच्या पायात येत बसायचं. त्यापेक्षा कढई बरी.

तीन महिने गेले, फोड काही हटेनात. वैद्यबुवांच्या नाकी नऊ आले. बाई चिमणीएवढं खाते, दिवसभर राबते, झोपत नाही. मग हे येतंय कुठून? त्यांनी चार वेळा पोथी उघडली. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "मावशी, ही शेवटची कढई. नाही उतरले फोड, तर दुसरी बाई बघावी लागेल. वात वळता आली नाही तर काय उपयोग?"

ते रागाने बोलले नव्हते. म्हणूनच तिला जास्त लागलं.

ती कढई शिंप्यासाठी होती. कोपऱ्यावरचा हा शिंपी दिवसेंदिवस वाळत चालला होता. हाडं आतून पोकळ झाल्यासारखी वाटायची, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. त्याची मज्जा कमी पडलेली. "मावशी, तुमची थोडी मला उसनी द्या," तो म्हणायचा, "दोघांचंही भागेल." मावशी हसायची, पण हसायलाही अंगात जोर लागतो.

दुपारी बाराला दवाखाना बंद झाला. वैद्यबुवा नेहमीप्रमाणे वर जेवायला गेले. चढवलेली कढई सोडून उठायचं नाही, हा त्यांचाच नियम. पहिल्या दिवशी सांगितलेला आणि मग विसरून गेलेला. मावशी विसरली नव्हती.

वर जाऊन बुवांच्या लक्षात आलं की चष्मा खालीच राहिला. ते परत उतरले. पडद्याआड मावशी डाव्या हाताने कढई हलवत होती. मांडीवर कालचं तूप गाळलेलं फडकं होतं. त्यातला चोथा, तुपाने थबथबलेला, ती बोटाने काढून खात होती. हावरेपणा नव्हता त्यात. पुडी बांधावी तसं खाणं चाललं होतं.

"हे काय, मावशी?"

"चोथा. टाकायचाच असतो."

"तुम्ही हा खाता?"

"दुपारी पोटात कावळे ओरडतात. उठता तर येत नाही. अन् औषधच आहे की, बुवा. बाधतंय कशाला?"

"मी जेवण विचारलं तेव्हा सांगितलं नाहीत."

"तुम्ही जेवण विचारलंत. हे जेवण कुठंय?"

बुवा उंबऱ्यातच उभे राहिले. या खुर्चीत बसून त्यांनी हजारो लोकांना विचारलं होतं, आज काय खाल्लं, कधी खाल्लं, भूक लागते का. दहा हातांवर बसलेल्या बाईला हे विचारायला तिला फोड यावे लागले होते.

"कधीपासून?"

"कढई हातात आली तेव्हापासून."

म्हणजे एकोणतीस वर्षं थोडं थोडं साठत आलेलं. ज्या बाईला दुपारचं जेवण मिळालं नाही, तिच्यावर ते तीन महिने जास्त झाल्याचा इलाज करत होते. त्यांना आपलीच लाज वाटली. त्यांनी तिच्या हातातून पळी घेतली.

"वर जा. माझं ताट झाकून ठेवलंय. जेवा."

"अन् तूप?"

"मी बघतो."

"तुम्हाला जमायचं नाही."

"जा म्हणतो ना."

मावशी भिंत धरत जिना चढली. ताटावरचं झाकण काढलं. अन्न अजून गरम होतं. तिने पहिला घास घेतला आणि सावकाश चावला.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा जिन्यातून तुपाचा वास वर आला. तयार झालं, तिला कळलं. आता उतरवायला हवं. पाय सवयीने उठायला निघाले. खालून कढई उतरवल्याचा आवाज आला नाही. बुवा वात वळून बघत असतील, चिकटते की नाही, एकदा, दोनदा.

थोड्या वेळाने वास पालटला. तूप करपलं होतं. शिंप्याला आता आणखी आठ दिवस थांबावं लागणार होतं.

मावशीने पाय पुन्हा मांडी घालून नीट दुमडले आणि पुढचा घास घेतला.