याकोमीनाकाकूंचा ‘कदाचित’

आमच्या झीलंडमध्ये, ॲमस्टरडॅमच्या दक्षिणेला समुद्राकाठी, ‘कदाचित’ला सगळे ‘मिस्खीन’ म्हणतात. मीही म्हणतो. तो शब्द आला कुठून, असं विचाराल तर लोक तोंडाकडे बघत राहतील. याकोमीनाकाकू मात्र तो सुटा करून म्हणायच्या: ‘माख’, मग श्वास, मग ‘स्खीन’. म्हणजे ‘घडू शकतं’. मुळात तो असाच दोन शब्दांचा होता. पुढे घाईच्या तोंडांनी त्याचा लगदा केला.

काकूंनी जन्मभर शेतांत बीट उपटले, सहा मुलं काढली, दोन पुरली, चार कॅनडाला गेली. शाळा पाहिली ती दोन हिवाळे. ॲमस्टरडॅमचे विद्वान बोलीभाषेची प्रश्नावली मला, म्हणजे गावच्या मास्तरला, पाठवायचे. मी ती काकूंना विचारून भरायचो.

एकोणीसशे त्रेपन्नच्या जानेवारीतला शेवटचा शनिवारही त्यातच गेला. समुद्र अडवणाऱ्या उंच बांधावरच्या शाळेत कॉफी पाजून मी त्यांना अडकवून ठेवलं. वारा एवढा वाढला की त्यांना खाली घरी जाता येईना. नवरा, मारिनुस, शेळ्यांपाशी घरीच होता. पहाटे पलीकडे बांध फुटला आणि समुद्राने घर, शेळ्या, मारिनुस, सगळं नेलं.

“तुमच्या शब्दांपायी वाचले हो मी, मास्तर,” काकू म्हणाल्या. ते आभार नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मारिनुसचं प्रेत सापडलं नाही. बुडालेल्यांची नावं दगडावर कोरायची ठरली, तेव्हा घरच्यांकडून मृत्यू लिहून घ्यायला नगरपालिकेचा माणूस कागद घेऊन आला.

“बाई, ते कुठे जिवंत असतील, असं वाटतं का तुम्हाला?”

“माख... स्खीन.”

कागद तसाच परत गेला. असा तीनदा गेला. शेजारीण वैतागली. “अगं, तुझा म्हातारा तर बादलीतसुद्धा बुडाला असता!” काकू हसल्या, पण बधल्या नाहीत.

ऑक्टोबरात पाथरवटाचं काम संपत आलं, तशा त्या माझ्याकडे आल्या.

“मास्तर, हा शब्द कुठून आला ते तुम्हाला ठाऊक. तो किती दिवस पुरतो, ते लिहिलंय का कुठं?”

काहीतरी थाप मारावी, असं फार वाटलं.

“नाही, काकू.”

“मग मागवा तो कागद. दमले मी.”

त्यांना लिहायला जमत नव्हतं. ‘मारिनुस मेला’ हे मलाच लिहावं लागलं. त्यांनी खाली फुली मारली.