पोळ्यापर्यंत आणलेल्या दोन लेन्स

माझ्या चेहऱ्यावर देवीचे व्रण आहेत. लहानपणी देवी आल्या, मी वाचले, आणि त्याविषयी आमच्या घरात पुढे कोणी फारसं बोललं नाही. घरात मोठा आरसा एकच होता. तोही बाबांच्या स्टुडिओत, गिऱ्हाइकांना भांग पाडता यावा म्हणून लावलेला. झाडताना मी त्याच्यापुढून झपाट्याने निघून जायची.

स्टुडिओ म्हणजे वर्ध्याच्या बाजारामागच्या गल्लीत आमच्या भाड्याच्या घराची पुढची खोली. छपराची उत्तरेकडची कवेलं काढून तिथे काचा बसवल्या होत्या, त्यांतून उजेड यायचा. मध्ये तिपाईवर भात्याचा मोठा कॅमेरा. मॅट्रिकनंतर माझं शिक्षण थांबलं आणि मी मागच्या अंधाऱ्या खोलीत बाबांच्या हाताखाली शिरले. काचेच्या प्लेटा धुणं, प्रिंट काढणं, त्या दोरीवर वाळत घालणं ही सगळी कामं हळूहळू माझ्याकडे आली. तिथे लाल दिव्याखाली मला कोणी पाहत नव्हतं. मला ते काम आवडायचं.

कॅमेऱ्याची लेन्स फार जुनी होती. तिच्या आतल्या दोन काचा ज्या डिंकाने चिकटवल्या होत्या, त्याला पिवळसर जाळी धरली होती. त्यामुळे सगळे फोटो जरा धुक्यातून पाहिल्यासारखे यायचे. लग्नाच्या मुलींच्या फोटोंना ते बरं पडायचं. पण शाळेचा किंवा कचेरीचा ग्रुप काढला की पंचाईत व्हायची. मधली माणसं ठीक यायची, कडेला बसलेल्या मास्तरांना चेहराच नसायचा. स्टेशनजवळ नवा स्टुडिओ निघाला होता, ग्रुपवाली गिऱ्हाइकं तिकडे वळू लागली होती. बाबांना हे कळत होतं. पण नवीकोरी लेन्स घेण्याची आमची ऐपत नव्हती, म्हणून विषय पुढे ढकलला जायचा.

माझाही फोटो बाबांनी त्याच लेन्सने काढला. मग ते बारीक टोकाची पेन्सिल घेऊन खिडकीशी बसले आणि प्लेटवर माझ्या गालांवरचा एकेक खड्डा भरत गेले. सगळ्याच मुलींच्या फोटोंवर ते थोडीफार पेन्सिल चालवत. माझ्या फोटोला त्यांना दुपार पुरली नाही. प्रिंट मी काढली. रसायनाच्या ताटात तो गुळगुळीत चेहरा वर आला तेव्हा मी तो जरा जास्त वेळ पाहत राहिले.

तो फोटो तळेगावला गेला आणि तिथली मंडळी मला पाहायला आली. मुलगा, त्याची आई आणि मामा. मी चहा घेऊन बाहेर आले. मुलाच्या आईच्या हातात फोटो होता. तिने माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि माझ्या आईला हळूच विचारलं, "इची लहान बहीन हाये काय घरात?"

"नाई," आई म्हणाली. "एकच पोरगी हाये आमाले."

"असं काय," ती म्हणाली आणि फोटो उलटा करून सतरंजीवर ठेवला.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मुलगा खाली मान घालून स्वतःच्या पायांकडे पाहत होता. त्यालाही लाज वाटत असावी. चहा पिऊन ते उठले. दारात मामा बाबांना म्हणाले, "फोटो मात्र लय झाक काढता तुमी."

बाबांनी हात जोडले. मी कपबशा उचलून आत गेले आणि चुलीपाशी त्या विसळत बसले. व्रणांची लाज मला सवयीची होती. ही वेगळी होती. कुणाच्या तरी दारात आमचं खोटं नाणं पकडलं गेल्यासारखं वाटत होतं, आणि ते नाणं म्हणजे मी.

त्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "लेन्स आता बदला लागते." कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही. आईने भाकरी वाढली आणि म्हणाली, "बदला."

श्रावण लागल्यावर आम्ही दोघं रेल्वेने नागपूरला गेलो. सीताबर्डीत जुन्या कॅमेऱ्यांचं एक दुकान होतं. दुकानदार बाबांना ओळखत होता, कारण प्लेटा आणि कागद आम्ही त्याच्याकडूनच आणत होतो. बाबांनी सांगितलं, रोजच्या कामाची लेन्स पाहिजे, चेहराही निघाला पाहिजे आणि घोळकाही, आणि खिसा लहान आहे.

त्याने दोन लेन्स पुढे ठेवल्या. दोन्ही वापरलेल्या, दोन्हींची किंमत जवळपास सारखी. एक लांबट, पिवळ्याधमक पितळेची, दिसायला देखणी. "एक में तीन समझो," तो म्हणाला. तिच्या दोन्ही टोकांच्या काचा फिरवून काढता येत होत्या. दोन्ही लावल्या की मोठा घोळका मावायचा. पुढची काढून ठेवली की उरलेली अर्धी लेन्स लांबचं जवळ आणायची. भाता पुरता ताणून माणसाचा नुसता चेहरा काढता यायचा. मागची काढली तर आणखी तिसरंच माप मिळायचं. दुसरी लेन्स बुटकी आणि काळी, जागोजागी रंग उडालेली. तिचं काहीच निघत नव्हतं. तिचं माप एकच, पण काच अगदी स्वच्छ होती.

बाबांचा जीव पितळीवर गेलेला मला दिसत होता. पण त्यांनी दोन्ही मागितल्या. दुकानदाराने जरा विचार केला आणि म्हणाला, "पोले तक रख लो. एक लौटा देना."

घरी आल्यावर बाबांनी एका लाकडी खोक्याची फळी कापून दोन्ही लेन्सना बसतील अशा चौकटी केल्या. पहिल्यांदा भिंतीवर वर्तमानपत्राचं पान ठोकून त्याचे फोटो घेतले. बुटकीने कोपऱ्यातली अक्षरंही वाचता येतील अशी दिली. पितळीची मधली अक्षरं छान आली, कोपरे पुसट झाले. पण आमच्या जुन्या लेन्सपेक्षा दोन्ही कितीतरी वर होत्या.

"पेपरचा फोटो काढायले कोनी येत नाई," बाबा म्हणाले. "मानूस पाह्यजे."

आई शेजारी गेली होती. गल्लीत पाऊस होता, कुणी दिसेना. मी म्हटलं, "मी हावो ना."

बाबांनी खुर्ची काचेच्या छपराखाली सरकवली. मी बसले. ते काळ्या कपड्याखाली शिरले आणि खूप वेळ बाहेरच आले नाहीत. आत काय चाललंय ते मला ठाऊक होतं. मागच्या दुधी काचेवर माझा चेहरा उलटा पडला असणार आणि त्यावर भिंग टेकवून ते लेन्स नीट जुळली का ते बघत असणार. जुळवायला काहीतरी बारीक, ठळक कडांचं लागतं. माझ्या गालांवर ते भरपूर होतं. मी डोळे समोर ठेवून बसले होते आणि कान तापत चालले होते. त्यांनी आधी बुटकी लावली, मग पितळी पुरती, मग पितळीची पुढची काच काढून. शेवटच्या वेळी "हलू नको, पोरी" म्हणाले, कारण अर्ध्या लेन्समधून उजेड कमी येतो आणि बराच वेळ उघडी ठेवावी लागते.

प्लेटा मीच धुतल्या, प्रिंट मीच काढल्या. बुटकीने सगळं दिलं होतं. कपाळावरचे, नाकाच्या शेंड्यावरचे, ओठाशी आलेले व्रण, ज्यांचा मलाही विसर पडला होता. अर्ध्या पितळीने काढलेला चेहरा माझाच होता, पण व्रणांवर कुणी हलका हात फिरवल्यासारखा. पेन्सिल नाही, काही नाही. बाबांनी तिन्ही प्रिंट टेबलावर मांडल्या. माझी नजर त्यांच्यावरून हटत नव्हती आणि त्यांची माझ्याकडे वळत नव्हती.

"अर्ध्या काचेचा बरा आला," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. खरं तर लेन्स तिथेच ठरली होती. आणि ठरण्याचं कारण आम्हा दोघांनाही उच्चारवत नव्हतं.

पोळ्याच्या आधी हिंगणीहून एक तरुण शाळामास्तर आला. त्याच्या वस्तीतल्या लोकांनी आदल्या वर्षी नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. त्यांना सगळ्यांचा मिळून फोटो पाहिजे होता. बाबा म्हणाले, घोळक्याची परीक्षाही होऊन जाईल. उघडीप पाहून आम्ही कॅमेरा घेऊन बसने गेलो.

सगळे पांढरे कपडे घालून तयार होते. बायकांची पांढरी पातळं नीळ जास्त झाल्याने निळसर दिसत होती. मध्ये एक खुर्ची मांडलेली. मास्तरची आजी आली आणि सवयीने खुर्चीच्या बाजूला खाली मातीत बसली.

"आजे, खाली काऊन बसतं? वरतं बस," मास्तर म्हणाला.

"मी हाये तिथं बरी हावो."

"नाई. आज खुर्चीवरच बसा लागन."

दोघातिघांनी धरून तिला वर बसवली. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. लुगडं नीट करायला मी जवळ गेले तर तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "तुले बी आल्त्या काय वं देवी?"

तेव्हा मी पाहिलं, तिच्या तोंडावरही तेच होतं. सुरकुत्यांमुळे लांबून दिसलं नव्हतं. "माही माय गेली त्यातच," ती म्हणाली. "मी राह्यलो." मी मान हलवली, पदर गालावर ओढला आणि कॅमेऱ्यामागे गेले. सगळी वस्ती माझ्याकडेच पाहते आहे असं मला वाटलं. कदाचित कुणीच पाहत नव्हतं.

बाबांनी ग्रुप दोन्ही लेन्सने घेतला. मास्तरने आजीचा एकटीचा फोटो मागितला, तो अर्ध्या पितळीने. नेमका ढग आला, लेन्स जास्त वेळ उघडी ठेवावी लागली, आजीची मान जराशी हलली.

बाजाराच्या दिवशी मास्तर आणि आजी फोटो न्यायला आले. मी टेबलाशी होते. आजीच्या हातात तिचा एकटीचा फोटो दिला. तो वाईट नव्हता. मऊ आला होता, जरा हलला होता, सुरकुत्या कमी दिसत होत्या. तिने तो जवळ धरला, लांब धरला.

"हे कोन होय?"

"तूच तं होय, आजे."

"मी नोहो. हे माहं तोंड नाई." तिने फोटो टेबलावर ठेवला. मग बुटक्या लेन्सने काढलेला ग्रुप उचलला आणि बोट फिरवत फिरवत मध्ये आणून टेकवलं. "हे मी." तिथे तिचा चेहरा चण्याएवढा होता. पण सगळं होतं त्यात. ती हसली आणि शेजारचे, मागचे, एकेक माणूस ओळखून मास्तरला सांगू लागली. कडेला उभी असलेली पोरंही तिने नावानिशी ओळखली.

त्यांनी त्याच ग्रुपच्या प्रिंट नेल्या. एकटीचा फोटो आमच्याकडेच राहिला.

ते गेल्यावर बाबांनी दोन्ही लेन्स समोर ठेवल्या आणि मला विचारलं, "सांग. कोनती वापस करू?"

माझ्या डोळ्यांपुढे तळेगावची ती बाई होती, फोटो सतरंजीवर उलटा ठेवणारी. मी म्हटलं, "पितळी करा. बुटकी ठेवा."

"पाह्य बरं. मंग तुहा फोटो बी बुटकीनंच निंघन."

मी पितळीसाठी कापड काढून दिलं. त्यांनी तोच होकार धरला. पितळी लेन्स त्यात गुंडाळून ते पोळ्याच्या आदल्या दिवशी नागपूरला देऊन आले.

बुटकीने आमचा धंदा सावरला. शाळांचे ग्रुप परत येऊ लागले. चेहरा मोठा पाहिजे असला की बाबा कॅमेरा जवळ नेत, आणि लोकांची नाकं जरा मोठी येत. त्यावरून दोन-तीनदा कुरबूर झाली. त्याच लेन्सने माझा नवा फोटो निघाला. बाबांनी त्यावर पेन्सिल चालवली नाही. मीही नाही.

तो फोटो दोन ठिकाणांहून परत आला. आर्वीहून तर पाकीट उघडून तसंच बंद करून आलं. दर वेळी आई ते पाकीट माझ्या नजरेआड करायची आणि दर वेळी ते मला दिसायचं. हिंगणीच्या आजीसारखं 'हे मी' म्हणणं मला कधीच जमलं नाही. त्या महिन्यांत ती लांबट पितळी लेन्स मला कितीदा आठवली. आता ती कुणाकडे असेल, कुणाचे गाल मऊ करत असेल, असं मनात यायचं, आणि त्याचीही लाज वाटायची.

उन्हाळ्यात पुलगावची मंडळी आली. मुलगा गिरणीत कारकून. त्याच्या आईने फोटो बाहेर काढलाच नाही. माझ्या चेहऱ्याकडे तिने एकदा पाहिलं, ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं, आणि चहाचा कप घेतला. घेताना तिची नजर माझ्या हातांवर थांबली.

"बोटं काऊन अशी झाली इची?"

फोटो धुण्याच्या रसायनाने माझी बोटं आणि नखं तपकिरी पडली होती. मी दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले. इतकी तयारी चेहऱ्याची केली होती. हातांचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"प्लेटा धुते ते," बाबा म्हणाले. "समदं काम तिच्याच हाताचं असते. मी आता नुसता कपड्याखाली जातो."

मुलाने पहिल्यांदा मान वर केली. "लग्नानंतर बी करान काय हे काम?" त्याने मलाच विचारलं.

त्याची आई म्हणाली, "करू दे तिले, कराचं असलं तं."

लग्न ठरलं. त्यानंतर रोज दुपारी मी लिंबू आणि राखेने बोटं घासायची. कातडी सोलली, डाग गेले नाहीत. हळद लागली त्या दोन दिवसांत ते दिसले नाहीत, तेवढंच.