बर्फ पडून राहिला

"पेशंट म्हणते की ती मेलेली आहे," नर्सनं मला लिफ्टच्या दारातच सांगितलं. "आणि जेवत नाही."

मी कॅनडातल्या एका हॉस्पिटलमध्ये मेडिकल इंटरप्रिटर आहे, म्हणजे दुभाषी. ज्या पेशंटला इंग्रजी येत नाही त्याचं बोलणं डॉक्टरांना सांगायचं आणि डॉक्टरांचं त्याला. हिंदीचे कॉल रोज येतात, मराठीचा वर्षातून एखादा. त्या दिवशी मी जरा बरा ड्रेस घालते. आई गेल्यावर पुण्यातला फ्लॅट विकला, तेव्हापासून माझ्याशी मराठीत बोलणारं तसं कोणी उरलं नव्हतं.

पेशंटचं खरं नाव सांगायची मला परवानगी नाही. वच्छलाबाई म्हणू. सत्तरी ओलांडलेली, अकोला जिल्ह्यातली बाई. गाव अकोटच्या पुढे, हिवरखेडच्या बाजूला. नवरा वारल्यावर एकुलत्या एका मुलानं इकडे आणलं. मुलगा लांब उत्तरेला खाणीत वेल्डर. कामावर गेला की पंधरवडा तिकडेच. बाई आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकट्या. अशक्तपणानं लिफ्टपाशी चक्कर येऊन पडल्या आणि शेजाऱ्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली.

आदल्या दिवशी एका एजन्सीचा मराठी दुभाषी फोनवर घेतला होता. त्यानं डॉक्टरांना सांगितलं, "मी मेले आणि इथेच राहिले." बाई तेच तेच म्हणत होत्या आणि तोही तेच तेच सांगत होता. असा एक मानसिक आजार खरंच असतो. आपण मेलोय अशी माणसाची ठाम समजूत होते. मेलेल्याला जेवणाची गरज नसते, म्हणून जेवणही सुटतं. सगळं जुळत होतं.

"आज संध्याकाळी औषध सुरू करायचंय," मानसोपचाराच्या डॉक्टर म्हणाल्या. "त्याआधी समोरासमोर एकदा खात्री करून घेऊ."

ते औषध साधं नव्हतं. त्या वयात त्यानं माणूस गुंगीत जातो, पुन्हा पडतो, हाड मोडतं.

आमच्या कामाचा एक नियम आहे. पेशंट 'मी' म्हणाला की आम्हीही 'मी'च म्हणायचं. 'त्या म्हणतात' असं मध्ये घालायचं नाही. मी बाईंच्या खुर्चीशेजारी, किंचित मागे बसले. डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?"

"कसं वाटन?" बाई म्हणाल्या. "मरून राहिली मी इथं."

मला लख्ख ऐकू आलं. माझ्या पुण्याच्या कानांना त्याचा दुसरा अर्थ लागेना. पण चेहऱ्यावर वैताग होता, आणि मेलेलं माणूस इतकं वैतागेल असं मला वाटेना. मी इंग्रजी वाक्य जुळवत होते तेवढ्यात बाईंनी खिडकीकडे हात केला.

"अन् हे पाह्य. सकायपासून बर्फ पडून राहिला."

मी पाहिलं. बर्फ पडत होता. पडून गेला नव्हता, पडत होता.

मी डॉक्टरांना म्हणाले, "इंटरप्रिटरला एका शब्दाचा खुलासा हवाय." असं सांगूनच विचारावं लागतं, नाहीतर आमची आपसात कुजबुज चाललीय असं वाटतं.

"बाई, मुलगा आत्ता कुठे आहे?"

"खदानीत काम करून राहिला."

"आणि मी आत्ता काय करतेय?"

"तू?" त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "तू मले नसते सवाल करून राहिली."

मी डॉक्टरांना सांगितलं, "या भागात 'राहिली' म्हणजे चालू असलेली गोष्ट. 'मी मेले' असं त्या म्हणत नाहीत. 'मी इथे मरतेय' म्हणतात."

"कशानं?"

"ते त्यांनाच विचारा."

डॉक्टरांनी विचारलं.

"बोलाले कोनी नाई वं. पोरगा पंधरा पंधरा दिवस येत नाई. आला का झोपते, थकते बिचारा. मी का भित्तीसंग बोलू? अन् एकटीसाठी कोन भाकर थापते?"

हे सगळं मी 'मी' म्हणून इंग्रजीत सांगितलं. घरी मीही टोस्टवरच भागवत होते.

औषध टळलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खात्रीसाठी मुलाला फोन लावला. तो आधी हसला. मग आई आज जेवली का, ते विचारलं.

पुढे काही आठवडे बाई डॉक्टरांकडे बोलायला येत होत्या. गावी दिवस कसा जायचा, असं डॉक्टर विचारायच्या. बाई मळ्याचं सांगायच्या. वांगी, मिरच्या आणि सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर. पावसात काळी माती चपलेला इतकी चिकटते की चप्पल हातात घेऊन चालावं लागतं. अकोटच्या बाजारात गठुडं सोडलं की ओळखीची बाई आधी भाव पाडते, मग चहा पाजते. उत्तरेला सातपुडा. तो दिसला नाही तर दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

आणि मी नियमाप्रमाणे म्हणायचे, माझा मळा. माझी विहीर. माझ्या दारातून डोंगर दिसतो.

विदर्भ मी पाहिला नव्हता. नागपूरला दोनदा गेले होते. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्टेशनं झोपेत गेली होती. पुण्यात आमच्याकडे तिकडचं कोणी भेटलं तर त्याच्या बोलण्याची नक्कल व्हायची, एवढीच ओळख. आता बसस्टॉपवर उभी असताना मला तो मळा आठवायला लागला. न पाहिलेली जागा आठवते कशी, हे मला सांगता येणार नाही.

शेवटच्या भेटीत बाई खुशीत होत्या. मुलगा त्यांना गावी, पुतण्याकडे पोचवणार होता. उठताना त्यांनी माझा हात धरला.

"ये वं पोरी माह्या गावाले. भरीत खाऊ घालीन."

"काय म्हणाल्या?" डॉक्टरांनी विचारलं. खोलीत बोललेलं सगळं सांगावं लागतं. मी सांगितलं.

"मग? तू काय म्हणालीस?"

"दुभाष्याला उत्तर देता येत नाही," मी म्हणाले. पेशंटला कामाबाहेर भेटायचं नाही, पत्ता जवळ ठेवायचा नाही, असा करार असतो. बाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी नुसती हसले.

त्या वर्षीच्या रजेत मी अमरावतीला उतरले. कशासाठी, हे हॉटेलवाल्यालाही सांगता आलं नाही. पर्यटनाला म्हटलं, तर तो म्हणाला, "मंग चिखलदऱ्याले जा ना." मी एसटीनं अकोटला गेले. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, मधूनच तुरीचे पट्टे, आणि उजव्या हाताला सातपुडा, सांगितला होता तसाच. अकोटहून हिवरखेडची गाडी धरली. शेजारी भाजीची टोपली मांडीवर घेतलेली बाई होती.

"कोनाच्या घरी चालल्या?"

"कोणाच्याच नाही."

"मंग कावून आल्या?"

"पाहायला."

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. मी काय पाहतेय ते शोधत असावी. मग टोपली जवळ ओढून माझ्यासाठी जागा केली. "बसा आरामात."

वच्छलाबाईंच्या गावचा फाटा आला. पाटी दिसली. दोनचार माणसं उतरली. कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी नाही अशी मान हलवली आणि त्यानं घंटी मारली.

नव्या दुभाष्यांना आता मी एक तास शिकवते. परक्या भाषेत माणूस आपसूक सावध असतो. चूक होते ती आपल्या भाषेत, कारण तिथे आपण विचारत नाही. एवढंच सांगते.

पुण्याचं तिकीट मी आता काढत नाही. अकोल्याचं काढते. तिथे न्यायला कोणी येत नाही. रजेवर सही करताना मॅनेजर विचारतो, "घरी चाललीस?"

मी हो म्हणते.