धर्माची सूज आणि माझी काडी

जमनाबाईंनी अळणी भात आणि उकडलेल्या माशाचं ताट माझ्यापुढे सरकवलं. "खाऊन बगा डाक्टर. मीठ लागलं तर पोलिसात द्या मला."

खाल्लं. मिठाचा मागमूस नव्हता. चवीचाही.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. ठाण्यात माझा दवाखाना होता. जमनाबाईंचा नवरा धर्मा, कोलशेतचा कोळी, माझा पेशंट. त्याला हार्ट फेल्युअर. म्हणजे हृदयाचा पंप कमी पडतो, अंगात मीठ साठतं, मिठामागून पाणी येतं. पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो. तेव्हा उपाय मोजके. हृदयाला जोर देणाऱ्या डिजिटॅलिसच्या गोळ्या, लघवी होण्यासाठी पाऱ्याचं इंजेक्शन आणि मीठ बंद. महिनाभर तिन्ही चालू होते, तरी धर्मा फुगतच होता. बाई चोरून खारट सुकट खायला घालते, हे मी ठरवूनच टाकलं. दवाखान्यात चार माणसांदेखत तिला म्हणालो होतो, नवरा नकोसा झालाय का? आणि आता तिच्या घरी झडतीला आलो होतो.

धर्मा उशांना टेकून काहीतरी चघळत होता. विचारलं, तर ज्येष्ठमधाची काडी. खोकल्यासाठी मीच सांगितलेली. दिवसभर तोंडात असते म्हणाला. मी म्हटलं, चघळ, निरुपद्रवी आहे.

त्याच आठवड्यात मुंबईला माझ्या जुन्या सरांना केस सांगितली. वैद्याचं काही घेतो का, त्यांनी विचारलं. नाही, म्हटलं, फक्त ज्येष्ठमध, तोही माझाच. सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, अॅड्रिनल. त्यांचा एक हॉर्मोन मूत्रपिंडांना हुकूम देतो, मीठ बाहेर सोडू नका. हार्ट फेल्युअरमध्ये हा हुकूम आधीच जोरात असतो. ज्येष्ठमध अंगात गेला की त्या हॉर्मोनसारखंच काम करतो. हे तेव्हा नुकतंच कळू लागलं होतं. मला नव्हतं कळलं.

"तिनं ताटातलं मीठ काढलं," सर म्हणाले, "आणि तू त्याच्या अंगातलं कोंडून ठेवलंस."

दुसऱ्या दिवशी कोलशेत गाठलं, काडी बंद केली. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरली. धर्मा आडवा झोपू लागला.

जमनाबाईंची मी घरीच माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही. बोललात दवाखान्यात, तर माफीबी तिथंच मागा, म्हणाल्या. सोमवारी, भर गर्दीत मागितली. दोन पेशंट हसले, एकानं डॉक्टरच बदलला.

तेव्हापासून औषध लागू पडलं नाही, की मी आधी माझं प्रिस्क्रिप्शन वाचतो. पेशंटच्या बायकोचा नंबर त्यानंतर.