हानालेईचं अळू

घरात जेवायच्या वेळेचीच मला धास्ती वाटू लागली होती. यांचा घशाचा कॅन्सर बरा झाला होता, म्हणजे डॉक्टर तसं म्हणत होते. रेडिएशन संपून काही महिने उलटले होते, स्कॅन स्वच्छ आला होता, ओळखीच्यांनी अभिनंदनाचे फोनही केले होते. पण त्या किरणांनी जाता जाता यांच्या जिभेवरची चव पुसून नेली आणि तोंडातली लाळ आटवून टाकली. वरण मातीसारखं लागायचं, भात कागदासारखा. अमेरिकेतल्या शुगर लँडच्या आमच्या घरात इतकी वर्षं ज्या माणसाने मिटक्या मारत खाल्लं, मित्रांना आग्रह करकरून वाढलं, तो चार घास कसेबसे गिळून ताट बाजूला सारू लागला. वजन उतरत चाललं. शेवटच्या भेटीत डॉक्टर म्हणाल्या की महिनाअखेरीस पुन्हा वजन करू आणि ते आणखी कमी भरलं, तर पोटात नळी बसवून त्यातून अन्न द्यावं लागेल. गाडीत बसल्यावर हे एवढंच म्हणाले, "नळी नको गं."

मी हट्टाला पेटले. तुपाचं खिमट, मुगाचं कढण, नाचणीचं सत्त्व, दाण्याची पातळ आमटी, जे जे घशाखाली उतरेल ते सगळं केलं. वाटी यांच्या पुढ्यात ठेवायची आणि समोर खुर्ची ओढून बसायचं. घास उचलला का, गिळला का, किती उरलं. गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा तर टेबलाशी बसून रडलेही. माझ्या माहेरी पुरुषांची पानं उठल्यावर बायका जेवायला बसायच्या. अमेरिकेत आल्या आल्या ती पद्धत मी मोडून टाकली होती आणि त्याचा मला कोण अभिमान. पण आता यांचं होईपर्यंत मला घास घ्यावासाच वाटेना. यांनी टाकलेलं ओट्याशी उभ्याने संपवायचं, की झालं माझं जेवण. भूक लागते म्हणजे काय होतं, तेही मी विसरले होते, आणि खरं सांगते, माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

देव्हाऱ्यात माझी अन्नपूर्णा आहे. लग्नात आईने दिलेली, बोटभर उंचीची, हातात पळी घेतलेली. इतकी वर्षं तिला नैवेद्य दाखवल्याशिवाय मी चूल बंद केली नाही आणि कुठे प्रवासाला निघाले, तर ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये असायचीच. त्या दिवसांत मात्र माझं तिच्याशी बिनसलं. एका सकाळी नैवेद्याची वाटी ठेवता ठेवता मी तिला म्हटलं, "अन्नपूर्णा म्हणवतेस आणि तुझ्या डोळ्यांदेखत घरातला माणूस उपाशी राहतो. कसली गं तू?" ती आपली नेहमीसारखी पळी धरून बसलेली. हवाईला निघताना मी तिला घरीच ठेवलं. मुलीने, मृणालने, ही ट्रिप आजारपणाच्या आधीच ठरवली होती. मी तिला कॅन्सल कर म्हणून दहा वेळा सांगितलं, पण ती बधली नाही. "आई, बाबांना समुद्र आवडतो. घरात बसून तू त्यांच्या वाट्या मोजतेस, त्यापेक्षा तिथे बसून मोज," असं म्हणाली. मुलगी माझीच, जीभही माझीच.

हवाईतलं कवाई बेट सुंदर आहे, यात वाद नाही. तांबड्या-हिरव्या कड्यांची ती प्रचंड दरी पाहिली, दीपगृहाच्या टोकावर वाऱ्यात तरंगणारे पांढरे पक्षी पाहिले. कोंबड्या तर कुठेही, पार्किंगमध्ये, हॉटेलच्या टेबलांखाली, अगदी आपलंच घर असल्यासारख्या. हे पाहून यांना हसू आलं, तेवढाच मला दिलासा. पण सहलीला आलेली माणसं करतात काय, तर खातात. जावईबापू रोज नवीन जागा शोधून काढायचे. नारळाचं सिरप घातलेले पॅनकेक, लिंबू पिळलेली पपई, रंगीबेरंगी बर्फाचे गोळे. माझी नऊ वर्षांची नात तारा प्रत्येक गोष्टीतला पहिला चमचा आजोबांपुढे धरायची. "आजोबा, जस्ट वन बाइट." हे तिच्यासाठी तोंड उघडायचे आणि मग पाण्याबरोबर तो घास ढकलायचे. एकदा बर्फाचा गोळा हातात धरून हे समुद्राकडे पाहत बसले आणि तो पार वितळून मनगटावरून ओघळला, तरी यांच्या लक्षात आलं नाही. मी रुमालाने हात पुसला आणि पर्समधलं सत्त्वाचं पाकीट काढलं. यांनी मान फिरवली.

ते घडलं त्या दिवशी आम्ही बेटाच्या उत्तरेला हानालेईला गेलो होतो. तिथे जाताना वरून खोरं दिसतं, आणि त्यात पाण्याने भरलेले हिरवे वाफे. मला वाटलं भातशेती. जवळ गेल्यावर पाहते तर अळू. चांगलं हत्तीच्या कानाएवढं, एकरच्या एकर. हे खिडकीची काच खाली करून बघत राहिले. सकाळी लख्ख ऊन होतं. आम्ही समुद्रावर बसलो, तारा वाळूत खेळली, आणि तेवढ्या वेळात गाडीत राहिलेलं माझं खिमट आंबून गेलं. दुपारी परत निघालो, तर वर डोंगरात पाऊस कोसळलेला आणि पुलाजवळ नदी रस्त्यावर आलेली. पोलिसांनी रस्ता बंद केला होता. कधी उघडेल ते सांगता येत नाही, म्हणाले. आमचं राहण्याचं ठिकाण नदीपलीकडे, डबा आंबलेला, सत्त्वाची पाकिटं खोलीवर. गावातली दोन-तीन हॉटेलं अडकलेल्या माणसांनी ओसंडून वाहत होती. यांचा चेहरा पांढरा पडला होता. मृणाल मला सारखी म्हणत होती, "आई, आपण काहीतरी मॅनेज करू," पण तिचाही आवाज घाबरलेला होता.

आम्ही गाडी एका घरासमोर कडेला लावून बसलो होतो. त्या घराच्या पुढच्या पत्र्याखाली मोठमोठी पातेली चढलेली होती आणि साठी उलटलेली एक धिप्पाड बाई पायात रबरी चपला घालून ढवळत होती. तिने आमच्याकडे पाहिलं, यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि हातानेच या म्हणून खुणावलं. तिथे वडीलधाऱ्या बाईला सगळे आँटी म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. दुसऱ्या दिवशी तिच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता, आणि तिकडे पहिला वाढदिवस म्हणजे लग्नाएवढा थाट. "रस्ता आत्ताच काही उघडत नाही. या, जेवा," ती म्हणाली. जावईबापूंनी संकोचून सांगितलं की आम्ही मांस-मासे खात नाही. ती हसायला लागली. "मग तुमचं नशीब चांगलं. यात घालायचे मासे घेऊन माझा मुलगा यायचाय, आणि तो अडकलाय नदीच्या पलीकडे. आत्ता यात नुसती पानं आहेत आणि नारळाचं दूध."

पानं म्हणजे अळूची. पातेल्यात गर्द हिरवं, मऊ, शिजून एकजीव झालेलं. त्या वासाने मी पातेल्याजवळ सरकले, पण लगेच धसकाही बसला. अळू खाजरं. आपण चिंच घातल्याशिवाय ते करत नाही, आणि यांचा घसा तर आतून भाजलेला. मी मृणालला म्हटलं, "विचार तिला, आंबट काही घातलंय का. नाहीतर यांना नको." आँटीने ऐकून घेतलं आणि सांगितलं, "गरज नाही. सकाळपासून शिजतंय. घाई केली तर पान चावतं, वेळ दिला तर काही करत नाही." तिने एका वाडग्यात यांना अळू वाढलं, दुसऱ्यात पोई म्हणून अळूच्याच कंदाची जांभळट पातळ पेज. आमच्याकडे बाळांना आणि आजाऱ्यांना हेच देतात, म्हणाली. यांच्या आजाराबद्दल तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

मी सवयीने यांच्यासमोर खुर्ची ओढली. तेवढ्यात माझ्याही पुढ्यात एक भरलेला वाडगा आला. मी म्हटलं, मी नंतर जेवेन, आधी यांचं होऊ दे. आँटीने माझ्याकडे पाहिलं. तिची नजर माझ्या मनगटावर गेली, तिथल्या बांगड्या अलीकडे फारच सैल झाल्या होत्या. "यू टू, ममा," ती हळूच म्हणाली. "तूसुद्धा किती दिवसांत जेवलेली नाहीस." मग तिने माझा हात धरला, यांना माझा दुसरा हात धरायला सांगितलं, आम्हा सगळ्यांचं कडं केलं आणि डोळे मिटून तिच्या भाषेत प्रार्थना म्हटली. त्यातला एकही शब्द मला कळला नाही. कळलं ते इतकंच की यांचा हात माझ्या हातात आहे, आणि ताप बघण्याशिवाय किंवा औषध देण्याशिवाय तो मी कित्येक महिन्यांत धरलेला नाही. प्रार्थना संपली आणि आँटी पातेल्याकडे निघून गेली. आम्ही जेवतो की नाही, हे तिने वळूनही पाहिलं नाही.

मी एक घास घेतला. तो मऊ होता, गरम होता, त्यात नारळाचा गोडवा होता. आणि एकाएकी मला इतकी भूक लागली की काय सांगू. लहान मुलाला लागते तशी भूक. मी खात सुटले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही मला सुचलं नाही. मृणाल काय म्हणते, तारा काय म्हणते, हे काय करतात, मला काही भान उरलं नाही. वाडगा संपला तेव्हा मी मान वर केली. यांचा वाडगा निम्म्याच्या खाली गेला होता. हे खाली मान घालून, सावकाश, चमचा चमचा खात होते. मी पाहतेय हे लक्षात आल्यावर जरा थांबले आणि म्हणाले, "चिंच हवी होती थोडी." मृणालने तोंडावर हात धरला. ज्याला सगळं मातीसारखं लागत होतं, तो माणूस चिंच नाही म्हणून कुरकुरत होता. तारा म्हणाली, "आजोबा, यू फिनिश्ड इट!" कारण तेवढ्यात यांनी उरलेलंही संपवलं होतं. आँटीने काही न विचारता आणखी एक पळीभर वाढलं, यांना आणि मला. तिच्या हातातली ती पळी पाहून माझ्या अंगावर काटा आला. जिला मी रागाने घरी ठेवून आले होते, तिला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

संध्याकाळी पाणी उतरलं, रस्ता उघडला, आँटीचा मुलगा मासे घेऊन पोचला आणि आम्ही निघालो. मी तिच्या पाया पडायला वाकले, तर तिने मला मिठीत घेतलं. तिला माझं नाव माहीत नव्हतं. महिनाअखेरीस डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा वजनाचा काटा फारसा वर गेला नव्हता, पण खालीही आला नव्हता. नळीचं पुढे ढकलू, त्या म्हणाल्या, आणि पुढे ती वेळ आलीच नाही. चव याच सुमाराला हळूहळू परत येते, असंही त्यांनी सांगितलं. असेल तसंच. मी त्यांच्याशी वाद घातला नाही आणि इथेही कोणाशी घालणार नाही.

आमच्या ओळखीच्या एक काकू मध्यंतरी घरी आल्या होत्या. हे सगळं ऐकून त्यांनी यांना विचारलं, "एवढं काय होतं हो त्या अळूत?" हे म्हणाले, "अळूत काय असणार? पहिल्या चार घासांना तर चवही नव्हती. पण ही जेवत होती. आजारी पडल्यापासून हिला पोटभर जेवताना मी पाहिलंच नव्हतं. माझ्यामुळे ही उपाशी राहते, या विचाराने माझ्या घशाखाली काही उतरत नव्हतं. त्या दिवशी ते ओझं उतरलं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. इतके महिने मी समजत होते की यांना जगवायचं काम देवाने माझ्या वाट्यांवर आणि माझ्या नजरेवर सोपवलंय. मी जीव मुठीत धरून पहारा करत होते आणि त्या पहाऱ्यानेच यांचा घास अडत होता. मग देवाने एक नदी रस्त्यावर आणली, माझा डबा आंबवला, हात रिकामे केले आणि एका अनोळखी बाईच्या दारात मला जेवायला बसवलं. आम्ही तिथे यांच्यासाठी गेलो, असंच मला वाटत होतं. पण त्या पत्र्याखाली पहिल्यांदा वाढलं गेलं ते माझ्यातल्या उपाशी माणसाला. आता मी देवापुढे यांच्यासाठी काही मागत नाही. भूक लागली की यांच्याबरोबर जेवते, आणि ती लागली म्हणून हात जोडते.