धुतलेलं बाकडं

वॉचमनने पाइप आणला आणि आम्ही बसलेलो ते बाकडं धुवायला घेतलं. आमच्यासमोर. बाबा नुकतेच उठलेले, अजून धापा टाकत होते.

धुवायला लावणारा माणूस ट्रॅकसूटमध्ये होता. आवाज मऊ. शिवी नाही, आरडाओरडा नाही. "साबण पण लाव," एवढंच म्हणाला.

शीळफाट्याजवळच्या त्या टाउनशिपमध्ये मी धुणीभांडी करायचे. आत तलाव. भोवती झाडं, चालायला ट्रॅक, पाण्यावर बगळे. जाहिरातीत लिहिलेलं, निसर्गाच्या कुशीत. आमची चाळ भिंतीपलीकडे. आमच्याकडे नाला आणि ट्रकचा धुरळा.

डॉक्टर म्हणालेले, बाबांच्या फुप्फुसात दगडाची धूळ बसलीय, औषध फारसं नाही. सकाळी मोकळ्या हवेत चालवा. मोकळी हवा भिंतीच्या आत होती. वॉचमन ओळखीचा. त्याने बाबांना माझ्याबरोबर आत सोडलं.

पाणी बघून बाबा थांबले. ओळखलं त्यांनी. साताऱ्याकडून आल्यापासून ते याच खदानीत दगड फोडायचे. खदान बंद पडली, खड्डा पावसाने भरला. बिल्डरने त्याला लेक म्हटलं. बाबा बाकड्यावर बसले आणि हसले. "बरं दिसतंय की गं," म्हणाले. मग खोकला आला. त्यांनी रुमाल तोंडाला लावला.

तेवढ्यात तो माणूस आला.

"कुठल्या फ्लॅटला काम करते तू?"

मी सांगितलं.

"आणि हा?"

"वडील आहेत माझे."

तो बाबांकडे वळला. "आडनाव काय?"

खोकल्याबद्दल नाही विचारलं. आडनाव विचारलं. बाबांनी सांगितलं. त्याने मान हलवली, जसं काही त्याला आधीच माहीत होतं. मग वॉचमनला हाक मारली. वॉचमन खाली बघत म्हणाला, "काका, उठा ना जरा. माझी नोकरी जाईल."

बाबा उठले. पाइप आला. साबण आला. आणि बाबांनी त्या माणसाला हात जोडले. "चूक झाली साहेब."

बाकडं धुतलं ते सोसलं असतं. असलं लहानपणापासून सोसलंय. पण बाबांचे ते हात. सुरुंगाने एक बोट गेलेले, जोडलेले हात.

मी ते धरून खाली केले.

"हा खड्डा माझ्या बापाने खोदलाय," मी म्हणाले.

"मग? फुकट खोदला का? मजुरी घेतली असेल ना?"

तो हसला. खरंच हसला. त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं.

मी ओल्या बाकड्यावर बसले. फेसावर. बाबांना म्हटलं, "बसा." ते घाबरलेले. मी परत म्हटलं, "बाबा, बसा." बसले. साडी भिजली, त्यांचा लेंगा भिजला. त्याने मोबाइलवर आमचा फोटो काढला. बाबांची धाप कमी होईपर्यंत आम्ही बसलो. मग स्वतःहून उठलो.

दुपारी मॅडमचा फोन आला. "अगं, सोसायटीचा नियम आहे, माझ्या हातात काही नाही." माझी गेटवरची एंट्री बंद झाली. वॉचमनलाही काढलं. त्याचं वाईट वाटतं, अजून वाटतं.

बाबा पुन्हा चालायला म्हणून बाहेर पडले नाहीत. थंडीत गेले. शेवटी उशीला टेकून बसायचे, तोंड उघडं, हवा पुरायची नाही.

आता मी डोंबिवलीकडच्या टॉवरमध्ये काम शोधते. दारात उभी राहूनच सांगते, "ताई, काम संपलं की मी खाली बागेत बसणार. माझी मुलगी शाळेतून येईल, तीपण बसेल. चालत नसेल तर आत्ताच बोला."

काही दारं लगेच बंद होतात. एकीने विचारलं, "परवानगी मागतेस की धमकी देतेस?"

"दोन्ही नाही," म्हणाले. "सांगतेय."

तिनेही दार लावलं. मी शेजारची बेल दाबली.